पैशाची वाट आणि बाहेरचा कारागीर

चंडीगढची आखणी करताना ल कॉर्ब्युझिए यांनी त्या शहराला क्रमांकित सेक्टरांचे जे रूप दिले, ते शहराच्या सीमेपाशी थांबले नाही. शेजारच्या पंजाबातील मोहालीने, म्हणजेच साहिबजादा अजितसिंग नगराने, तीच गणती पुढे चालू ठेवली. सेक्टर ६७ हा या दुसऱ्या नगरातला. विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगतच्या या भागात अशी कार्यालये आहेत की, जेथील तरुण अभियंते परगावच्या आणि पुष्कळदा परदेशच्या ग्राहकांसाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहीत असतात. मोहालीला या प्रकारच्या कामाची परंपराही आहे. केंद्र सरकारच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या कारखान्यात १९८४ पासून येथे इलेक्ट्रॉनिक चकत्या तयार होऊ लागल्या होत्या. १९८९ च्या आगीत त्याचे अपरिमित नुकसान झाले, तरी तंत्रज्ञांची वस्ती टिकून राहिली.

महाराष्ट्रातील एखादी नागरी सहकारी बँक, एखादी शिक्षणसंस्था किंवा एखादा मध्यम व्यापारी जेव्हा आपल्या ग्राहकांकडून संगणकाच्या द्वारे पैसे स्वीकारण्याची व्यवस्था उभारू इच्छितो, तेव्हा त्याला बहुधा अशाच एखाद्या दूरच्या संस्थेचे दार ठोठवावे लागते. स्वतःचे अभियंते बाळगणे त्याला परवडत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच: हा बाहेरचा कारागीर निवडावा कसा?

हा प्रश्न इतर कंत्राटांच्या प्रश्नासारखा नाही. जाहिरातीचे पान चुकीचे निघाले तर ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. चुकीच्या खात्यात गेलेल्या रुपयाला मात्र त्याच क्षणी दोन धनी निर्माण होतात, आणि दोघेही दाराशी येऊन उभे राहतात.

पूर्वीच्या पेढीवर हुंडी आली म्हणजे गुमास्ता अक्षर व सही पाहून ती सकारत असे. रकमेची नोंद कीर्दीत होई आणि पुढे खतावणीत जाई. आजच्या व्यवहारातही ही तिन्ही कामे जशीच्या तशी आहेत, मात्र ती तीन निरनिराळ्या यंत्रांकडे गेली आहेत. ग्राहकाने दुकानात कार्ड दिले की दुकानदाराच्या बँकेकडून कार्डजाळ्यामार्फत ग्राहकाच्या बँकेला विचारणा जाते. बँक होकार देते, तो होकार काही क्षणांत उलट वाटेने परत येतो. हा झाला केवळ शब्द. प्रत्यक्ष पैसा बँकाबँकांमध्ये नंतर, समाशोधनाच्या वेळी, एकत्रित रकमांनी फिरतो. विचारणा पोहोचली पण होकार वाटेत हरवला, असे दररोज कितीतरी वेळा घडते. ग्राहक तेवढ्यात पुन्हा कळ दाबतो. अशा वेळी दुसरी विचारणा ही नवी नसून पहिलीचाच पुनरुच्चार आहे, हे ओळखता यावे म्हणून प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक द्यावा लागतो. जो कारागीर पहिल्या बैठकीत या क्रमांकाविषयी आणि रात्रीच्या ताळमेळाविषयी बोलत नाही, पडद्यावरच्या रंगांविषयीच बोलतो, त्याच्याशी दुसरी बैठक घेण्याचे कारण नाही.

आपल्याकडे या विषयातला सर्वांत बोलका अनुभव मुंबईचा आहे. या शहरात १९८७ मध्ये हाँगकाँग बँकेने देशातले पहिले रोकड देणारे यंत्र बसविले. पुढील दशकात अनेक बँकांनी अशी यंत्रे घेतली, पण एका बँकेचे कार्ड दुसरीच्या यंत्रात चालत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी इंडियन बँक्स असोसिएशनने १९९७ मध्ये ‘स्वधन’ नावाचे सामायिक जाळे सुरू केले. ते उभारण्याचे व चालविण्याचे काम इंडिया स्विच कंपनी या बाहेरच्या कंपनीकडे पाच वर्षांच्या कराराने सोपविण्यात आले. कल्पना काळाच्या पुढची होती. ५३ बँका त्यात सामील झाल्या आणि हजारावर यंत्रे जोडली गेली. परंतु कितीतरी अधिक व्यवहार पेलण्याची ताकद असलेल्या त्या जाळ्यावर प्रत्यक्षात दिवसाला सुमारे ५ हजार व्यवहारच होत. तोटा वाढत गेला. कराराची मुदत संपली तेव्हा हे नुकसानीतले जाळे पुढे चालवायला कोणी मिळाले नाही आणि ३१ डिसेंबर २००३ रोजी ते बंद पडले.

येथे तंत्र बिघडले नव्हते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. बिघडले होते ते गणित. कंत्राटदाराची मिळकत व्यवहारांच्या संख्येवर अवलंबून असेल आणि ती संख्या वाढविणे त्याच्या हाती नसेल, तर उत्तम आज्ञावलीसुद्धा एक दिवस पोरकी होते. बाहेरचा सहकारी निवडताना त्याची कुशलता सर्वजण पारखतात. हे काम त्याला पाचव्या वर्षीही किफायतशीर वाटेल काय, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

स्वधन मिटल्यावर बँकांनी आपापसात लहानमोठे गट केले. कॅशट्री, बँक्स, कॅशनेट ही त्यांतली काही नावे. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये हैदराबादेत स्थापन केलेल्या बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेने २००४ च्या ऑगस्टमध्ये तीन बँकांना जोडून ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ सुरू केले. या संस्थेनेही युरोनेट आणि ओपस या बाहेरच्या कंपन्यांचे सहकार्य घेतले. तथापि, जाळ्याचे धनीपण तिने स्वतःकडे राखले. डिसेंबर २००९ मध्ये हेच स्विच मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे सोपविण्यात आले तेव्हा त्यावर सुमारे ५० हजार यंत्रे होती, आणि हस्तांतरामुळे जाळे बंद ठेवावे लागले नाही. कारागीर बदलले तरी घर उभे राहते, कारण घराचा उतारा मालकाच्या नावावर असतो. कराराच्या मसुद्यात मूळ आज्ञावली कोणाची, तिची अद्ययावत प्रत कोणापाशी, गुप्त किल्ल्या कोणाच्या ताब्यात, ही कलमे दराच्या कलमाआधी यावीत ती याचसाठी.

पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली, सहकारी बँकांतील मोठी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या कार्डांच्या बनावट प्रतींनी २८ देशांतील यंत्रांतून आणि भारतातूनही काही तासांत मिळून सुमारे ८० कोटी रुपये काढले गेले. दोन दिवसांनी हाँगकाँगमधील एका खात्यात आणखी सुमारे १४ कोटी वळते झाले. हल्लेखोरांनी बँकेच्या मुख्य खतावणीला हातच लावला नव्हता. कार्डजाळे आणि खतावणी यांच्यामध्ये जे स्विच असते, त्याच्या जागी त्यांनी आपले तोतया स्विच उभे केले. विचारणा येई, ती खतावणीपर्यंत पोहोचतच नसे, आणि तोतया परस्पर होकार देई. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. पैसे काढणारे हात सापडले, पण योजणारे डोके दूरच राहिले. पेढीच्या भाषेत सांगायचे तर तिजोरी शाबूत होती, गुमास्ता मात्र बदलला गेला होता. मधल्या जोडणीची निगराणी कोण करील, होकारांची संख्या आणि खतावणीतील नावे-नोंदींची संख्या दर काही मिनिटांनी पडताळून पाहणारी स्वतंत्र यंत्रणा असेल की नाही, हे काम देण्यापूर्वीच विचारले पाहिजे. ही पडताळणी आज्ञावली लिहिणाऱ्याच्याच हाती देणे म्हणजे रोखपालालाच हिशेबतपासनीस नेमणे होय.

धोका कधी कारागिराच्याही पलीकडे असतो. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या मुंबईच्या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाल्यामुळे पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या देयकजाळ्यापासून तात्पुरते तोडले. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली ही कंपनी, म्हणजे नावलौकिकाची उणीव नव्हती. तरीही तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार त्या काळात थांबले; दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. एका दाराने शेकडो घरांची ये-जा होत असेल तर ते दार बंद पडल्यावर दुसरी वाट कोणती, याचे उत्तर प्रत्येक घराने स्वतंत्रपणे शोधून ठेवायचे असते. मोहालीतील असो वा मुंबईतील, सहकाऱ्याने पुढे कोणाकोणाला पोटकंत्राटे दिली आहेत याची यादी म्हणूनच लेखी मागावी.

रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याविषयी जे निदेश काढले, ते त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बाहेर जात नाही, हे त्यांचे सूत्र. कंत्राटदाराच्या दप्तराची तपासणी करण्याचा हक्क, करार संपविण्याची आगाऊ योजना, आणि कंत्राटदाराला संगणकीय घातपात कळल्यापासून ६ तासांच्या आत रिझर्व्ह बँकेला वर्दी, अशा अटी त्यांत होत्या. मात्र पहिल्या दोन स्तरांतील लहान नागरी सहकारी बँका या निदेशांतून वगळलेल्या होत्या. नियमांचा भार हलका करण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण बाहेरच्या कारागिरावाचून ज्यांचे पानही हलत नाही त्या याच बँका, आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. अशा बँकेच्या संचालकांनी ते निदेश नमुना म्हणून पुढे ठेवून आपला करार लिहिला, तर त्यांना कोणी अडविलेले नव्हते.

दराविषयी थोडे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची सवय सार्वजनिक संस्थांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने फसलेल्या व्यवहारांना मुदत घालून दिली. यंत्रातून रोकड न येता खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत ती परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. स्वस्त आज्ञावलीचा ताळमेळ जर हातानेच जुळवावा लागणार असेल, तर निविदेत वाचलेले पैसे या १०० रुपयांच्या वाटेने निघून जातात. शिवाय ताळमेळ जुळविणारे कारकून दोन. त्यांचे वेतन निविदेत कधीच दिसत नाही.

निवडीपूर्वी लहानसे काम देऊन पाहण्याचा मार्ग सर्वांत विश्वासाचा. दोन-तीन संस्थांना प्रत्येकी महिन्याभराचे, रीतसर मोबदल्याचे काम द्यावे, आणि ते ज्यांनी केले तेच अभियंते पुढेही राहतील असे लिहून घ्यावे. बैठकीला अनुभवी माणूस आणि कामाला नवशिका, ही या धंद्यातील जुनी चाल आहे. काम ताब्यात घेताना चाचणी सुरळीत व्यवहारांवर घेऊ नये, कारण सुरळीत व्यवहार सर्वांनाच साधतात. चाचणीच्या यंत्रणेत १०० व्यवहार एकदम सोडावेत आणि अर्ध्यावर असताना जोडणीची तार काढून घ्यावी. तासाभराने तार जोडावी आणि कारागिराला हात लावू न देता पाहावे: किती व्यवहार पुरे झाले, किती परतले, किती दोनदा नोंदले गेले, आणि जे अधांतरी राहिले त्यांची यादी यंत्रणेने आपणहून दिली की मागावी लागली.