मुलाला पुढे चालू द्या

आई-बाबांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. पोहणं, गणिताचा वर्ग, रविवारची मराठी शाळा यांतलं काही सोडा असं मी म्हणत नाही. पण महिन्यातली एक सकाळ जंगलातल्या पायवाटेसाठी राखून ठेवा. आणि त्या वाटेवर मुलाला पुढे चालू द्या, तुम्ही मागून चला.

न्यू जर्सीतल्या कुटुंबांना यासाठी लांब जावं लागत नाही. एडिसनहून साधारण अर्ध्या तासावर युनियन काउंटीचं वॉचंग रिझर्व्हेशन आहे, सुमारे २००० एकरांचं. माउंटनसाइडच्या बाजूला १९४१ सालापासूनचं ट्रेलसाइड नेचर अँड सायन्स सेंटर आहे. तिथून निघून फिरून तिथेच येणाऱ्या छोट्या, सोप्या वाटा आहेत. साऱ्या जंगलाला वळसा घालणारी सिएरा ट्रेल दहा मैलांच्या आसपास भरते, तिची घाई नको.

फिरून मूळ जागी आणणारी वाट मी मुद्दाम सुचवते आहे. सरळ जाणाऱ्या वाटेवर कुठपर्यंत जायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे मोठी माणसंच ठरवतात. इथे तो प्रश्नच येत नाही, म्हणून पुढारपण खरोखर मुलाच्या हाती देता येतं. झाडांच्या खोडांवर रंगाचे उभे पट्टे असतात. एक पट्टा म्हणजे सरळ चला. वर-खाली दोन पट्टे दिसले की वळण आलं. वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला असेल, तिकडे वळायचं. तीन पट्टे म्हणजे वाटेची सुरुवात किंवा शेवट. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे पाच मिनिटांत समजतं. मग वाटेला फाटा फुटला की खूण त्यानेच शोधायची. तुम्हाला ती आधी दिसेल, पण बोलू नका. चुकीच्या बाजूला वीस-तीस पावलं गेल्यावर “अरे, पट्टे कुठे गेले?” हा प्रश्न त्यालाच पडू द्या. आपल्या मुलांच्या दिवसातला जवळजवळ प्रत्येक तास कुणीतरी आखून दिलेला असतो. स्वतः चुकून स्वतः सावरायला त्यांना जागा कुठे मिळते?

वेगही त्याचाच. मैलभराला दीड तास लागला तर लागू दे. मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ त्या दिवशी गाडीतच राहू द्या. मूल पडलेल्या ओंडक्यापाशी बसलं, तर तुम्हीही बसा. ओंडका हळूच उचलून पाहिलात तर खाली बोटाएवढा, पाठीवर तांबूस पट्टा असलेला सॅलमँडर सापडू शकतो. या प्राण्याला फुप्फुसंच नसतात, तो ओलसर त्वचेतून श्वास घेतो. म्हणून मलम किंवा डासांचं औषध लावलेल्या हातांनी त्याला शिवायचं नाही, आणि ओंडका होता तसाच परत ठेवायचा. हे एकदा सांगितलं की मुलं आपल्याहून काटेकोर पाळतात.

थोड्या मोठ्या मुलांना फेल्टव्हिल दाखवा, तेही याच जंगलात आहे. डेव्हिड फेल्ट नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने १८४५ मध्ये ब्लू ब्रूक ओढ्याकाठी गिरणी काढली आणि कामगारांसाठी गावच वसवलं. १८६० मध्ये त्याने ते विकलं आणि गाव ओस पडलं. काही घरं अजून उभी आहेत. मुलं तिथे विचारतात, “माणसं कुठे गेली?” उत्तराची घाई करू नका.

आता काळजीचं. या भागात खरी भीती गोचिडीची आहे. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, आणि मे ते जुलै हे त्याचे जोराचे महिने. पूर्ण बाह्यांचा फिका सदरा, लांब पँट, तिची टोकं मोज्यांत खोचलेली. वाटेच्या मधोमध चालायचं, कडेच्या गवतात शिरायचं नाही. घरी आल्यावर लगेच आंघोळ, आणि कानामागे, केसांत, काखेत, गुडघ्यांमागे नीट तपासणी. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, चटका देऊ नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांना गाठा. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही मुलाला पहिल्याच फेरीत ओळखायला शिकवा. एवढी काळजी घेतलीत की बिनधास्त जा. भीतीपोटी मुलांना घरात ठेवणं मला पटत नाही.

अर्ध्या वाटेत “कंटाळा आला” ऐकू येईल. तिथेच बसून तिखटमिठाच्या पुऱ्या काढा. बहुतेक वेळा कंटाळा भुकेचाच असतो. आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही न्या, हातात काठी द्या, कारण मुळं वाटेवर आलेली असतात. आणि एकदा फिरलेली वाट झाली असं समजू नका. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच वाटेवरच्या दलदलीत स्कंक कॅबेज उगवतो. त्याचं फूल स्वतः ऊब निर्माण करतं आणि भोवतीचा बर्फ वितळवतं. पाऊस पडून गेला असेल तरी बेत मोडू नका, ओलीत सॅलमँडर जास्त दिसतात. विजा चमकणार असतील तेवढं मात्र घरी थांबा. मुलासाठी मोज्यांचा एक जास्तीचा जोड गाडीत ठेवा.