आधी नंबर, मग हार

स्वारगेटजवळच्या एका मंडळाने फ्लेक्स आधी छापला आणि स्मरणिकेचा मजकूर माझ्याकडे नंतर मागितला. फ्लेक्सवर एका कार्यकर्त्याचे दिवंगत आजोबा होते: मराठा लाइट इन्फंट्री, कोहिमाची लढाई आणि वर ‘व्हिक्टोरिया क्रॉसविजेते यशवंत घाडगे यांचे साथीदार’.

नाईक घाडगे धारातीर्थी पडले इटलीत, १० जुलै १९४४ रोजी. त्यांची पलटण ३/५ मराठा. कोहिमाला वेढा पडला तो त्याच वर्षीच्या एप्रिलात, म्हणजे एक शिपाई दोन्हीकडे असणं जवळपास अशक्यच. पण ४/५ मराठा मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला लढली होती, म्हणून सगळीच थाप समजून मोकळं होता येईना.

“काका, पदकं आहेत ना घरात!” नातू म्हणाला.

दोन स्टार निघाले. लोक पदकाची पुढची बाजू घासूनपुसून दाखवतात. खरी माहिती मागे असते. हिंदुस्थानी फौजेला मिळालेल्या स्टारवर बहुधा शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. ‘बर्मा स्टार’वर आजोबांचंच नाव होतं, पण पुढे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरची अक्षरं, म्हणजे रसद खातं. ‘आफ्रिका स्टार’वर नाव भलत्याचंच आणि पलटण मराठा. घरात मराठा पलटण शिरली ती बहुधा इथून. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असली पदकं मिळतात. हे आजोबांनी विकत घेतलं की कुणी दिलं, ते आजींनाही सांगता येईना.

ट्रंकेत डिस्चार्ज बुक निघालं आणि उरलासुरला घोळ मिटला. भरती १९४३च्या ऑगस्टमधली, हुद्दा ड्रायव्हर. आफ्रिका स्टारची मुदत १२ मे १९४३ लाच संपते.

तुमच्यावर असं काम आलं तर कहाणी मागू नका, नंबर मागा. नंबर, पलटण किंवा कोअर आणि भरतीचं साल हाती असलं की त्या त्या रेकॉर्ड ऑफिसला वारसाच्या सहीने अर्ज करता येतो. मराठ्यांचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं इथेच खडकीला. कुठे लिहायचं ते कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. आणि युद्धस्मशानांच्या यादीत नाव नाही म्हणून कुणाला खोटं ठरवू नका. खडकीची दफनभूमी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाच्या नोंदी मृतांच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धापुरत्या ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या. जिवंत परतलेला माणूस त्यात सापडणारच नाही. हौशी संशोधक इथेच हमखास घसरतात.

बीडच्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण पालकर आयोगापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे पेन्शनचा पैसा होता. इथे फक्त हार आणि नारळ होता. लबाडीही कुणाची नव्हती. म्हणून मी आधी आजींना सांगितलं, मंडळाला नंतर. त्या म्हणाल्या, “गाडीच चालवायचे ते. तेवढंच लिहा.”

नातू थोडा हिरमुसला. दिमापूर-कोहिमा-इंफाळ रस्त्याचा नकाशा दाखवल्यावर त्याने नवा फ्लेक्स स्वतःच्या खर्चाने करून घेतला. दुसऱ्या पदकावरचा नंबर त्याने कागदावर उतरवून घेतलाय. तो ज्या शिपायाचा, त्याचं घर लागतं का, हे विचारणारं पत्र आम्ही बेळगावला टाकलं आहे.