घरचा संगणक : रविवारची वीस मिनिटे



माझं माहेर सांगलीचं, नोकरी सातारा जिल्ह्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. भावाने घर सोडताना आईची औषधं आणि कागदपत्रं घेतली. संगणक तळमजल्यावरच राहिला.

त्या संगणकात मी रेकॉर्ड केलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी आता नाही. ओव्यांची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर काढलेली होती, पण तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात होता. दोन्ही प्रती एकाच पाण्यात गेल्या.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली. संगणक बिघडला तर नवा घेता येतो, आतली माहिती दुकानात मिळत नाही. म्हणून देखभाल म्हणजे मुख्यतः माहितीची काळजी. त्यासाठी रविवारची वीस मिनिटं पुरतात.

१) प्रत दुसऱ्या घरात ठेवा

संगणकवाले '३-२-१' चा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आम्ही तो असा पाळतो : एक प्रत संगणकात, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी. सांगलीची डिस्क माझ्याकडे साताऱ्यात, माझी भावाकडे. दिवाळीला आणि मे महिन्यात अदलाबदल. निकालपत्रकं, दाखले अशा लहान फाइल गुगल ड्राइव्हवरही ठेवता येतात, तिथे १५ जीबी जागा मोफत मिळते.

प्रत काढून झाली की डिस्क संगणकापासून वेगळी करा. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही बंद करतो.

२) अपडेट टाळू नका

'नंतर करू' म्हणून आपण अपडेट पुढे ढकलतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडमधल्या रुग्णालयांचं कामही अडलं. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो वेळेवर घेतला, त्यांची ती फट बंद होती.

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्याकडे तेच असेल तर तो संगणक विंडोज ११ घेऊ शकतो का, हे 'सेटिंग्ज'मधल्या अपडेटच्या पानावर बघा.

३) पेन ड्राइव्ह आधी तपासा

आपण शिक्षक प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह देतो. घरी आल्यावर सगळ्या फोल्डरचे 'शॉर्टकट' झालेले दिसतात. अशा वेळी त्यावर क्लिक करू नका आणि घाईने फॉरमॅटही करू नका. मूळ फाइल बहुतेक वेळा पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी अँटिव्हायरसने तपासा, मग 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण करा.

अँटिव्हायरसची एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात आधी कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, म्हणून त्यांचे भाऊ संजय यांनी ते काढण्याचा प्रोग्राम लिहिला. त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. विंडोजमध्ये 'डिफेंडर' आधीपासून असतोच. तो चालू आहे ना, एवढं बघा. दोन अँटिव्हायरस एकदम चालवू नका, संगणक मंदावतो.

४) मुलांचं खातं वेगळं

मुलांसाठी 'स्टँडर्ड' प्रकारचं खातं उघडा. मग गेम डाउनलोड करताना नको ते सॉफ्टवेअर बसायला लागलं, तर बहुतेक वेळा संगणक तुमचा पासवर्ड मागेल. आणि तो पासवर्ड मॉनिटरला चिकटवू नका!

'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं पडद्यावर आलं तर फोन करू नका. खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० वर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

५) धूळ आणि वीज

धुळीने पंखा तुंबतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि संगणक मंदावतो. महिन्यातून एकदा बंद करून, प्लग काढून, जाळीवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं नको. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. नदीकाठच्या घरात सीपीयू जमिनीवर ठेवू नका.

मुलांसाठी कृती

मुलांना विचारा, "आपला संगणक आज बंद पडला, तर कोणत्या तीन गोष्टी परत मिळणार नाहीत?" उत्तरं वहीत लिहून घ्या. त्या तीन गोष्टींची प्रत याच रविवारी काढा, आणि ती दुसऱ्या घरी पोहोचवा.

आमच्या ओव्या परत मिळाल्या नाहीत. तुमच्या घरचं जे आहे, ते अजून आहे.