4.5 नव्या वसाहतीचा प्रवेशसोहळा : नियोजन आणि संहितालेखन

मागील उपघटकात आपण सभेच्या सूत्रसंचालनाचा विचार केला. सभेत श्रोता आसनस्थ असतो. अनुभवप्रधान सोहळ्यात मात्र तो चालतो, पाहतो, प्रश्न विचारतो. त्यामुळे संहितेचे स्वरूपही पालटते.

वरळीच्या बीडीडी चाळींचे उदाहरण घेऊ. 1920च्या दशकात मुंबई विकास विभागाने उभारलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळींतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. म्हाडामार्फत होत असलेल्या पुनर्विकासात पात्र रहिवाशांना 500 चौरस फुटांची सदनिका मिळते. ऑगस्ट 2025मध्ये वरळीतील 556 सदनिकांच्या चाव्या देण्यात आल्या. जागा तिपटीने वाढली, हे कोणीही सांगेल. संयोजकाने ओळखायचे ते निराळे आहे. चाळीत मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे होती. शेजाऱ्याशी ओळख मुद्दाम करून घ्यावी लागत नव्हती. 40 मजली इमारतीत ती करून घ्यावी लागेल.

अशा इमारतीचा सोहळा आपल्याकडे सोपवला आहे, असे समजा. व्यासपीठ, हारतुरे व भाषणे यांना अर्धा तास पुरे. (प्रत्यक्षात तो वाढतोच, तशी तरतूद ठेवावी.) उरलेला वेळ इमारतीला द्यावा. एका मजल्यावरील कुटुंबांचा एक गट करून तो एकत्रच वर न्यावा. लिफ्ट बंद पडल्यास काय करायचे, आगीच्या वेळी थांबण्याचा मजला कोणता, जिना कोठे उघडतो, हे पत्रकात छापण्यापेक्षा चालत दाखवावे. ज्येष्ठांसाठी वाटेत खुर्च्या हव्यात. तळमजल्यावर जुन्या चाळीची छायाचित्रे लावावीत व रहिवाशांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ऐकवाव्यात. मात्र ध्वनिमुद्रणापूर्वी प्रत्येकाची संमती घ्यावी. या चाळींत गणेशोत्सव आणि आंबेडकर जयंती दोन्ही साजऱ्या होत आल्या आहेत. तेव्हा सामाईक कार्यक्रमात एकाच धर्माचा विधी नसावा. गृहप्रवेशाची पूजा वा वंदना ज्याच्या त्याच्या उंबऱ्याआड.

भाषेकडे विशेष लक्ष द्या. शासकीय पत्रात ‘लाभार्थी’ हा शब्द चालतो. निमंत्रणात तो खटकतो, कारण तीन-तीन पिढ्या तेथे राहिलेला माणूस दान घेण्यास येत नसतो. ‘रहिवासी’ लिहावे. ‘स्वप्नपूर्ती’, ‘आलिशान’ हे जाहिरातीचे शब्द टाळावेत. ‘आपल्या मजल्यावर सोळा कुटुंबे आहेत, आज त्या सर्वांची नावे जाणून घेऊ,’ असे साधे वाक्य निवेदकाला अधिक साथ देते. देखभाल खर्च किती येईल, हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर निवेदकाने देऊ नये; माहितगार अधिकाऱ्याला त्या दिवशी टेबल मांडून बसवावे आणि ते टेबल कोठे आहे, हे संहितेत लिहावे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या नव्या वसाहतीसाठी असे निमंत्रणपत्र (80 शब्द) व पहिल्या गटाला इमारत दाखवतानाची संहिता (दीड पृष्ठ) लिहा. लिहिण्यापूर्वी तेथे राहावयास जाणाऱ्या किमान दोन कुटुंबांशी बोला.