कोयत्याचें पातें : जाडी व वजन कसें ठरवावें

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला म्हणजे गांवोगांवच्या लोहारांच्या भट्ट्या दिवसभर पेटलेल्या असतात. नवा कोयता घेणारा बहुधा तो हातांत घेऊन एकदां जोखतो, आणि 'चांगला दणकट आहे' असें म्हणून पैसे मोजतो. दणकट म्हणजे जड, व जड म्हणजे टिकाऊ, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती कितपत खरी आहे, आणि हत्यार घडवून घेतांना पात्याची जाडी व वजन कोणत्या धोरणानें ठरवावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, कापण्याचीं कामें मुख्यतः दोन प्रकारचीं आहेत : एक ओढून कापण्याचें व दुसरें घाव घालून तोडण्याचें. भात, गहूं किंवा गवत विळ्यानें कापतांना आपण डाव्या हातांत मूठभर ताटें धरतों व उजव्या हातानें विळा आपणांकडे ओढतों. येथें सारें काम धार करते. पात्याच्या वजनाचें कांहींच साह्य होत नाहीं; उलट तें दिवसभर वागवावें मात्र लागतें. म्हणून विळ्याचें पातें ओढतांना वांकणार नाहीं इतकें जाड असलें कीं पुरे. पाठीशीं दोन मिलिमीटर जाडी बहुतेक पिकांस चालते.

घावाच्या कामाची गोष्ट निराळी. तेथें पात्याचें वजन व हाताचा वेग हीं दोन्ही उपयोगीं पडतात. परंतु दोहोंचा परिणाम सारखा नसतो. वजन दुप्पट केलें तर घावांतील शक्ति दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. यावरून उघड होतें कीं, ज्या वजनानें हात मंदावतो तें वजन घावाचा जोर वाढविण्याऐवजीं कमी करतें. सकाळच्या पहिल्या दहा घावांत जड कोयता सरस वाटेल; दुपारी दोन वाजतां तोच मागें पडलेला दिसेल.

आतां जाडीकडे वळूं. कोंकणांत कमरेच्या आकडीला अडकविलेली कोयती जाड पाठीची असते, व तसें असणें योग्यच आहे. तिनें नारळ सोलावयाचे, झांवळ्या तोडावयाच्या, सरपण फोडावयाचें. लांकडांत शिरलेलें पातें पाचरीसारखें दोन्ही बाजूंस रेटा देतें; त्यामुळें चीर रुंदावते व पातें अडकून बसत नाहीं. ऊस मात्र लांकूड नव्हे. तो गवताच्या कुळांतला. बाहेरून कठीण साल व आंत रसाळ, उभ्या तंतूंचा गाभा. जाड पातें यांत पाचरीसारखें शिरलें म्हणजे तंतु कापले न जातां उभे चिरतात व बुडखा फाटतो. फाटलेल्या बुडख्यांत बुरशीस वाट मिळते आणि खोडव्याचें नुकसान होतें. कोंकणी कोयतीची नक्कल करून देशावर ऊसतोडीचा कोयता घडविला तर असा परिणाम व्हावयाचाच.

हें नुकसान केवढें असतें याचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब देतों. एका एकरांत तोडणीस आलेले ऊस ४०,००० आहेत असें धरूं. प्रत्येक उसास बुडाशीं एक व शेंड्याशीं एक असे निदान दोन घाव लागतात. म्हणजे एकरी ८०,००० घाव झाले. कोयता जरुरीपेक्षां १०० ग्रॅम जड असेल, तर तेवढ्या घावांत तोडणाऱ्याचा हात ८,००० किलो, म्हणजे ८ टन, फुकट उचलतो. ऊसतोडीच्या धंद्यांत नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' असेंच म्हणतात. हत्याराच्या नांवानें माणसें मोजलीं जातात, पण त्या हत्याराचें ओझें माणसांवर किती पडतें हें क्वचितच मोजलें जातें.

दुसरा हिशेब ऊसवाल्या बागाइतदाराचा. हात थकला कीं तोडणारा कमी वांकतो व घाव वर पडतो. दोन मीटर लांबीचा ऊस सव्वा किलो वजनाचा धरला, तर पांच सेंटिमीटर बूड जमिनींत राहिल्यानें उसामागें सुमारें ३१ ग्रॅम वजन जातें. ४०,००० उसांचें तें सव्वा टन होतें. शिवाय पक्व उसाच्या बुडाकडील कांड्यांत साखर अधिक असते, हें निराळेंच. उंच राहिलेल्या बुडख्यावर वरच्या डोळ्यांचे कमजोर फुटवे येतात; जमिनीलगत छाटलेल्या बुडख्यास जमिनीखालून जोमदार फुटवे येतात. तेव्हां मजुराचें मनगट व मालकाचा खोडवा यांचें हित येथें एकच आहे.

मग जाडी किती ठेवावी? पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचें वजन सुमारें ७.८५ ग्रॅम असतें. एवढें माहीत असलें म्हणजे पात्याचें वजन कागदावर काढतां येतें. समजा, पातें २५ सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद आहे. त्याची जाडी पाठीपासून धारेपर्यंत सारखी ६ मिलिमीटर ठेवली तर वजन सुमारें ५९० ग्रॅम होईल. तेंच पातें पाठीशीं ६ मिलिमीटर ठेवून धारेकडे निमुळतें करीत आणलें तर वजन निम्म्यावर, म्हणजे २९५ ग्रॅमच्या आसपास येईल. पाठ तितकीच जाड राहिली, पण ओझें अर्धें झालें. लोहाराच्या हातोड्याचें खरें कौशल्य या निमुळतेपणांत आहे.

पातळ पातें वांकेल अशी भीति कित्येकांस वाटते. तिचेंही माप घेतां येतें. वजन जाडीच्या प्रमाणांत वाढतें. पण वांकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. चार मिलिमीटरचें पातें पांच मिलिमीटरचें केलें तर वजन सव्वापट होतें, परंतु ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. यास्तव उसाच्या कोयत्यास मुठीजवळ पाठीशीं ५ मिलिमीटर जाडी पुरेशी आहे, असें आमचें मत आहे. लोहाराच्या भाषेंत सांगावयाचें तर दोन सुतांहून कांहीं कमी, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेथून टोंकाकडे ही जाडी हळूहळू ३ मिलिमीटरवर आणावी. वर सांगितलेल्या आकाराचें असें पातें २०० ते २५० ग्रॅमचें भरेल.

टोंकाकडे जाडी कमी करावयाची ती कां, हेंही सांगितलें पाहिजे. मनगटावर पडणारा भार केवळ वजनावर नव्हे, तर तें वजन मुठीपासून किती दूर आहे यावरही अवलंबून असतो. कोयता एका बोटावर आडवा तोलून धरावा. तो जेथें स्थिर राहील तेथें त्याचा तोल समजावा, आणि हाताच्या पकडीपासून त्या ठिकाणाचें अंतर मोजावें. ३०० ग्रॅमच्या कोयत्याचा तोल २० सेंटिमीटरवर असेल, तर मनगटास तो १५ सेंटिमीटरवर तोल असलेल्या ४०० ग्रॅमच्या कोयत्याइतकाच जड लागतो. अगदीं मुठींतच तोल आला तर घाव हलका पडतो, म्हणून थोडेंसें वजन पुढें असावें. तें मात्र पात्याच्या रुंदीनें आणावें, जाडीनें आणूं नये.

धारेसंबंधीं एक सावधगिरी. जमिनीलगत तोडतांना पात्यास माती व खडे लागतात. म्हणून उसाच्या कोयत्याची धार भाजीच्या सुरीसारखी बारीक करूं नये. धारेच्या दोन्ही बाजू मिळून २५ ते ३० अंशांचा कोन असावा. अलीकडे बहुतेक कोयते मोटारींच्या जुन्या कमानपाट्यांचे करतात. हें पोलाद उत्तम आहे, पण पाट्याची जाडी गाडीप्रमाणें निरनिराळी असते व पुष्कळदां ती पाहिजे त्याच्या दुप्पट भरते. तो तापवून ठोकून पातळ केलाच पाहिजे. मात्र पाणी देण्यापूर्वीं धारेची कड एक मिलिमीटर तरी जाड राखावी. त्याहून पातळ कड भट्टींत लवकर जळते, आणि विझवितांना वांकडी होते किंवा तडकते. लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत, व त्याहून किंचित् अधिक, तापवून पातें तेलांत विझवावें. नंतर मंद आंचेवर पिंगट ते जांभळी झांक येईपर्यंत पाणी उतरवावें. शेवटची धार त्यानंतर सहाणेवर थंडपणें काढावी.

एवढें सर्व जाणूनही जाड कोयतेच बाजारांत कां येतात? याचें कारण लोहाराच्या अज्ञानांत नाहीं, आमच्या व्यवहारांत आहे. पातें निमुळतें करावयास कोळसा अधिक जळतो, घाव अधिक घालावे लागतात, वेळ अधिक लागतो; आणि इतकें करून हत्यार हलकें झालें कीं गिऱ्हाईक त्याची किंमत कमी करतें. ज्या कामाबद्दल अधिक मजुरी द्यावयाची, त्याच कामाबद्दल आपण दंड करतों. लोहारानें मग जाड पाटा तसाच धार काढून दिला, तर त्यास दोष कसा द्यावा?

यास्तव आमच्या शेतकरी बंधूंस अशी सूचना आहे कीं, कोयता वजनावर न घेतां मापावर घ्यावा. हंगामापूर्वीं महिनाभर आधीं लोहाराकडे जाऊन मुठीजवळची, मध्याची व टोंकाची अशा तीन जाड्या त्यास लिहून द्याव्या, आणि निमुळतें करण्याची मजुरी निराळी ठरवावी. प्रथम एकच कोयता करवावा. जो तो वापरणार, मग ती स्त्री असो वा पुरुष, त्याच्याच हातीं तो अर्धा दिवस द्यावा. ऊस एका घावांत सुटतो कीं नाहीं, बुडखा सपाट राहतो कीं फाटतो, आणि दुपारनंतर घाव जमिनीपासून वर सरकतो कीं काय, या तीन गोष्टी पाहाव्या. बुडखा फाटत असेल तर धारेमागची जाडी कमी करवावी. पातें वांकत असेल तर मुठीजवळ अर्धा मिलिमीटर वाढवावा. घाव वर सरकत असेल तर टोंक हलकें करवावें. असें जुळलेलें माप त्या लोहारापाशीं एका पत्र्यावर कोरून ठेवावें, म्हणजे पुढील सर्व कोयते त्याबरहुकूम होतील.