तुर्की बोली, कामापुरती

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही दोघे इस्तंबूलला जातोय. ऑडिओ धड्यांवर भागेल का? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर : भागेल, पण भाजी निवडताना नुसते ऐकून नव्हे. प्रत्येक वाक्यानंतर धडा थांबवून मोठ्याने म्हणा. क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते, त्यामुळे वाक्याची चाल लवकर बसते. ओठांचा चंबू करून काढायचे स्वर देवनागरीत उतरवू नका. ते कानानेच धरा. ‘ने कादार?’ म्हणजे ‘केवढ्याला?’, पण उत्तर कळायला आकडे हवेत, तेव्हा आधी आकडे.

तुमचा खरा प्रश्न जेवणाचा. मसुराचे सूपही काही ठिकाणी मांसाच्या पाण्यात शिजवतात. म्हणून ‘इचिंदे एत सुयू वार मी?’ (यात मांसाचे पाणी आहे का?) हे वाक्य घोकाच. ‘योक’ म्हणाले तर नाही, ‘वार’ म्हणाले तर आहे.