सगळेच पहिले पापी कसे?

प्रश्न : रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रभुभोजनाआधी एक प्रार्थना म्हणतात आणि तीत प्रत्येकजण स्वतःला पाप्यांमधला पहिला म्हणवतो, असे वाचनात आले. शंभर माणसे एकदम ‘पहिला मीच’ म्हणत असतील, तर हिशेबाने त्यांतली नव्व्याण्णव तरी चूक बोलत असणार. आपल्या संतांनी स्वतःला पतित म्हटले ते समजते. पण साध्या भाविकाने ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांत असे म्हणणे हा निव्वळ उपचार नव्हे का? शिवाय दुसऱ्याचा न्याय करू नका असे येशू सांगतो. मग चर्चने एवढे न्याय कसे केले?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला हिशेब चोख आहे आणि तो पहिल्यांदा आपणच मांडलेला नाही. सहाव्या शतकात गाझाजवळच्या एका मठात हीच शंका एका प्रतिष्ठित नागरिकाने विचारली होती. त्याची हकिगत पुढे येईलच. आधी ती प्रार्थना.

परंपरा तिचा कर्ता म्हणून सुवर्णमुख योहानाचे, म्हणजे चौथ्या शतकातल्या जॉन क्रिसोस्टमचे नाव घेते. फक्त रशियातच नव्हे, ग्रीस, सर्बिया, रुमानिया अशा बायझंटाइन वळणाच्या सगळ्याच चर्चमध्ये ती म्हटली जाते. तिच्यातली ‘पहिला पापी’ ही कल्पना नव्या करारातली आहे. पौलाच्या नावावर असलेल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातून ती आली. पौलापुरते पाहिले तर त्यात नम्रतेचा आव आणण्याची गरजच नव्हती. ख्रिस्ती होण्यापूर्वी तो ख्रिस्ती लोकांना पकडून तुरुंगात घालत असे. स्तेफन नावाच्या ख्रिस्ती माणसाला दगडमार करून ठार केले, तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे त्याच्याच पायांशी ठेवली होती. अशा माणसाने स्वतःला पहिला पापी म्हणणे हे जवळजवळ आत्मचरित्रच झाले. आपला प्रश्न खरा सुरू होतो तो त्यानंतर : ज्याने कुणाला चापटही मारलेली नाही अशा आजीबाईंनी हे वाक्य का उचलावे?

आता गाझा. तिथल्या मठाचा प्रमुख दोरोथियस आपल्या शिष्यांना सांगत असे, की माणूस देवाच्या जितका जवळ जातो तितका तो स्वतःला अधिक पापी दिसू लागतो. ऐकणाऱ्या त्या नागरिकाला हे काही पटेना. जवळ गेल्यावर उलट अधिक चांगले वाटायला नको का? दोरोथियसने त्याला विचारले, तुमच्या गावात तुम्ही स्वतःला कोण समजता? तो म्हणाला, गावातला पहिला. आणि कैसरियाला गेलात तर? तिथल्या बड्या लोकांहून जरा खालचा. अंत्युखियाला? तिथे म्हणजे खेडवळच. आणि कॉन्स्टंटिनोपलला, सम्राटाशेजारी उभे राहिलात तर? तिथे मी भिकाऱ्यासारखाच. दोरोथियस म्हणाला, संतांचे असेच होते.

या उत्तरातली गंमत अशी, की त्या माणसाची संपत्ती वाटेत कुठेच कमी झाली नाही. बदलला तो फक्त शेजार. प्रार्थनेतला ‘पहिला’ शंभर जणांच्या रांगेतला क्रमांक नाही. रांगेतल्या बाकीच्यांकडे बघायचेच सोडून दिल्यावर उरतो तो एकटा माणूस, आणि एकट्याच्या यादीत पहिला क्रमांक दुसऱ्या कुणाला देणार? आपल्या हिशेबाला शंभर जणांची तुलना लागते. प्रार्थनेने नेमकी तीच काढून घेतली आहे.

हे मला पटते, त्याचे कारण तसे अगदी व्यवहारातले आहे. दुसऱ्याची कृत्ये आपल्याला दिसतात, पण ती करण्याआधी तो मनाशी किती झगडला, कशाला बळी पडला, किती वेळा टाळून शेवटी घसरला, हे दिसत नाही. स्वतःचे मात्र आतबाहेर सगळे ठाऊक असते, आणि सवलत किती बेताची मिळायला हवी होती तेही. पुरावा हातात असलेला खटला एकच, तो म्हणजे स्वतःचा. दोरोथियसनेच यासाठी दुसरी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती पहिलीपेक्षा कडू आहे. गुलामांचे जहाज बंदराला लागते. त्यातल्या दोन लहान मुलींपैकी एकीला एक धर्मशील कुमारिका विकत घेते आणि लेकीसारखी वाढवते. दुसरीला वाईट धंदा करणारी बाई नेते. पुढे दोघींच्या हातून एकच अपराध घडला, तर तो एकच म्हणायचा का? दोरोथियस म्हणतो, हे देवालाच ठरवता येईल, कारण कोण कुणाच्या हाती विकले गेले हे पूर्णपणे त्यालाच ठाऊक असते. गुलामांचा बाजार ही त्याच्या श्रोत्यांना रोजची गोष्ट होती. त्या बाजाराविरुद्ध तो काही बोलत नाही. आज वाचताना ते खटकते, खटकलेच पाहिजे.

त्याने आणखी एक भेद केला आहे आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. अमुक माणूस खोटे बोलला असे चारचौघांत सांगत सुटणे ही चहाडी. तो खोटारडाच आहे म्हणणे हा न्याय, कारण एका कृत्यावरून तुम्ही त्याचे सगळे आयुष्य निकालात काढले. आणि त्याची किळस करून त्याला दूर लोटणे ही तिसरी, सगळ्यांत वाईट पायरी. चुकीला चूक म्हणू नका, असे या परंपरेत कुठेच नाही. बंदी आहे ती कृत्यावरून माणसाचा भाव ठरवण्यावर.

याच्याही दीडेकशे वर्षे आधी, इजिप्तच्या वाळवंटात, स्केतिस नावाच्या ठिकाणी तपस्व्यांची वस्ती होती. आज त्या भागाला वादी अन्-नत्रून म्हणतात आणि कॉप्टिक मठ तिथे अजूनही नांदते आहेत. तिथल्या एका भिक्षूच्या हातून काही अपराध घडला, तेव्हा सभा भरली. अब्बा मोशे यांना बोलावणे गेले. हे मोशे काळ्या वर्णाचे, पूर्वायुष्यात गुलाम, नंतर दरोडेखोरांच्या टोळीचे नायक. त्यांनी यायला नकार दिला. पुन्हा निरोप गेला, सगळे खोळंबले आहेत. मग ते उठले, गळकी घागर पाण्याने भरली आणि ती घेऊन निघाले. लोक सामोरे आले, हे काय म्हणून विचारू लागले. माझी पापे माझ्या मागे अशीच सांडत चालली आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी निघालोय दुसऱ्याच्या अपराधाचा निवाडा करायला, अशा अर्थाचे ते बोलले. सभेने त्या भिक्षूला क्षमा केली.

याच वाळवंटातले अब्बा बेसारियन यांची गोष्ट त्याहून त्रोटक आहे. पुरोहिताने एका पापी भिक्षूला चर्चबाहेर काढले. बेसारियन उठले आणि मीही पापीच आहे म्हणत त्याच्याबरोबर बाहेर पडले.

आता ‘निव्वळ उपचार’ या आक्षेपाकडे वळू. त्यात तथ्य आहे. ठरलेले शब्द झिजतात, आणि नम्रतेचे शब्द सगळ्यांत लवकर झिजतात. नम्रता ही मिरवण्याजोगी वस्तू आहे हे माणसाला फार पटकन कळते. चर्चलाही हे ठाऊक असावे. लूकच्या शुभवर्तमानात परूशी आणि जकातदाराची गोष्ट आहे. परूशी मंदिरात उभा राहून देवाला आपली व्रते मोजून दाखवतो, आठवड्यातून दोनदा उपास करतो हेही ऐकवतो. जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो आणि दयेची याचना करतो; घरी जाताना देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरतो तो जकातदार. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या मोठ्या उपासाची तयारी ऑर्थोडॉक्स चर्च या गोष्टीच्या रविवाराने सुरू करते. आणि त्यापुढच्या आठवड्यात चर्चचा नियम काय? उपास बंद. एरवी बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो. त्या आठवड्यात तोही नाही. आठवड्यातून दोनदा उपास करणाऱ्या परूश्याची ऐट आपल्या अंगात शिरू नये म्हणून. धर्मसंस्थेने आपल्याच व्रताची इतकी मिस्कील कानउघाडणी केल्याचे उदाहरण सहसा सापडत नाही.

पुढे प्रत्यक्ष उपासाच्या दिवसांत सीरियाच्या एफ्राइमच्या नावाने चालत आलेली प्रार्थना साष्टांग नमस्कार घालत म्हणतात. स्वतःचे दोष दिसू देत आणि भावाचा न्याय करायची बुद्धी न होवो, असे तिचे शेवटचे मागणे आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात मागितल्या आहेत, कारण पहिली जमली की दुसरीला वेळच उरत नाही.

संतांचे आपण लिहिले आहे. तुकोबांची स्वतःविषयीची निर्दय भाषा ज्याच्या कानांवर आहे, त्या मराठी माणसाला हा सूर परका वाटू नये. फरक आहे तो आपण म्हणता तिथेच : तिथे एका कवीची स्वतःची कळ आहे, इथे सबंध मंडळीचा नेम आहे. पण नेमाचा एक फायदा दुर्लक्षू नये. प्रार्थना उपदेशकही म्हणतो, मंडळीही म्हणते. ‘तुम्ही पहिले पापी आहात’ असे उपदेशकाने समोरच्यांना सुनवायची सोय या प्रार्थनेत नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. पापाची ही भाषा ‘मी’ला धरून आहे तोवर औषध असते. तीच ‘तू’ आणि ‘ते’ यांच्याकडे वळली की विष होते, आणि ख्रिस्ती इतिहासात ती अनेकदा वळली.

ठळक उदाहरण चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याचे. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या बागेतली पेर चोरून ती डुकरांपुढे टाकली, या एका गुन्ह्याची आपल्या आत्मकथनात त्याने जेवढी चिरफाड केली आहे तेवढी लोक खुनाचीही करत नाहीत. सगळी मानवजात आदामाच्या पापात सामील आहे, ही शिकवण पश्चिमेत रुजवली ती त्यानेच. (पूर्वेकडच्या चर्चने ती तशी घेतली नाही. आदामाकडून मरण आणि दुबळेपण वारशाने येते, अपराध येत नाही, असे तिथे मानतात.) उत्तर आफ्रिकेत तेव्हा दोनातिस्त नावाचा पंथ होता. छळाच्या काळात ज्यांनी भिऊन पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार अशुद्ध, असे त्यांचे म्हणणे. ऑगस्टीनचे उत्तर होते येशूच्या दाखल्यातल्या गहू आणि निदणाचे : कापणीपर्यंत दोन्ही एकत्र वाढू द्यावे, उपटायला जाऊ नये. चर्च हा शुद्धांचा मेळावा नाही. उत्तर सुंदर होते. पण नंतर त्याने मत बदलले आणि याच दोनातिस्तांवर शाही कायद्याची सक्ती करायला पाठिंबा दिला. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंच्या बिशपांची वादसभा झाली, शाही अधिकाऱ्याने दोनातिस्तांविरुद्ध निकाल दिला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यावर बंदी आली. स्वतःच्या चार पेरांसाठी रडणाऱ्या माणसाने दुसऱ्याचे शेत सरकारकडून खुरपून घेतले.

मग न्याय मुळीच करायचा नाही का, कोर्टे बंद करायची का? नाही. चौथ्या शतकातला कप्पदुकियाचा बिशप बासिल याने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यात दुसऱ्याचे वाईट बोलायला दोनच प्रसंगी मुभा आहे : अपराध्याला कसे सुधारावे याचा विचार जाणत्यांशी करायचा असेल तेव्हा, आणि त्याच्यापासून इतरांना धोका असेल, त्यांना सावध करायचे असेल तेव्हा. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने घडलेले सांगणे, पोलिसांत जाणे, साक्ष देणे हे ‘न्याय करू नका’च्या कक्षेतच येत नाही. पौल तर याही पुढे जातो. करिंथच्या मंडळीत एकजण बापाच्या बायकोबरोबर राहत होता, त्याला बाहेर काढा असे तो सरळ लिहितो. आणि लगेच जोडतो, की बाहेरच्यांचा न्याय करणे हे आपले काम नव्हे, ते देव पाहील. आपण आतल्यांचे पाहावे.

चर्चने अनेकदा याच्या बरोबर उलटे केले, हे आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. बाहेरच्यांवर, म्हणजे परधर्मीयांवर, पाखंडी ठरवलेल्यांवर, कुमारी मातांवर निवाडे सुनावले आणि आतल्यांवर पांघरूण घातले. २००२ च्या जानेवारीत ‘बोस्टन ग्लोब’ने उघड केले, की मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप असलेल्या धर्मगुरूंना बोस्टनचा कॅथलिक धर्मप्रांत एका पॅरिशमधून, म्हणजे स्थानिक चर्चमंडळीतून, दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवत राहिला. बासिलच्या नियमातली दुसरी मुभा, धोका असणाऱ्यांना सावध करण्याची, नेमकी तिथे वापरली गेली नाही. नव्या पॅरिशमधल्या आईबापांना कुणी काही सांगितले नाही. तिथले कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. २००४ मध्ये त्यांची रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या बसिलिकेच्या प्रमुखपदी नेमणूक झाली.